रुमाल, बस्ता आणि बकेट

मंडळी, मागचे दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी विचारलं, बाबा जिवंत आहेस ना? आहे. गावी गेलो होतो. चकलांब्याला. बीड जिल्हा, गेवराई तालुका. पुण्यात कुणाला गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न "काय लांबा?" असाच येतो, त्यामुळे मी हल्ली "शेवगावच्या पुढे" एवढंच सांगून मोकळा होतो. नगर, शेवगाव करत गेलं की जिल्हा बदलतो आणि थोड्या वेळाने आमचं गाव येतं.

जायचं कारण जरा कटकटीचं होतं. आमच्या शेतातल्या विहिरीच्या हिश्श्यावरून भावकीत बिनसलंय. समोरची बाजू म्हणते, ही जमीन तुमच्या आजोबांकडे नंतर आली, विहीर आधीची. आणि आमच्याकडे म्हणजे वडिलांकडे याला उत्तर म्हणून फक्त एक वाक्य आहे, "बाबा पहिल्यापासून कसत होते." कोर्टात "पहिल्यापासून" चालत नाही. वकिलांनी सांगितलं, १९५४-५५ सालच्या खासरा पाहणीचा उतारा आणा. हैदराबाद राज्य असताना मराठवाड्यात जी पाहणी झाली, तिच्यात पट्टेदार कोण आणि प्रत्यक्ष कसणारा कोण हे दोन्ही लिहिलेलं असतं. आजोबा कूळ होते. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने ज्यांना संरक्षण मिळालं त्यांच्यापैकी एक. त्या एका कागदावर त्यांचं नाव सापडलं तर बात बनली, नाही तर विहीर गेली.

"तू कॉम्प्युटरवाला, तूच जा," असं वडील म्हणाले. कॉम्प्युटरचा आणि याचा संबंध काय, हा प्रश्न मी विचारला नाही. नंतर कळलं की संबंध चांगलाच आहे.

तर कुठलं ऑफिस ते सांगत नाही, पण तिथल्या अभिलेख कक्षात मी एकूण साडेतीन दिवस काढले. लोखंडी मांडण्या, छताला भिडलेल्या. त्यावर कापडात बांधलेले बस्ते. काही लाल, काही मुळात पांढरे असावेत. गाठीला अडकवलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर गावाचं नाव, कागदाचा प्रकार आणि साल. साल कधी इसवी, कधी फसली. फसली म्हणजे निजामाच्या कारभारातलं साल, त्यात ५९० मिळवले की आपलं इंग्रजी साल येतं. १३४४ फसली असेल तर १९३४. ही बेरीज मी पहिल्या दिवशी बोटांवर करत होतो, तिसऱ्या दिवशी आपोआप व्हायला लागली. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायची मोहीम सुरू झाली, सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून मराठवाड्यातल्या असल्या खोल्यांना कधी नव्हती एवढी वर्दळ आली. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे शोधून आणावे लागले. त्या मोहिमेच्या राजकारणावर मी इथे लिहिणार नाही, त्यासाठी पुष्कळ जागा आहेत. पण एक गोष्ट तिने सगळ्यांना दाखवली, की कागद असणं आणि कागद सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मी दिवसभर ऑफिसात जे करतो, त्याचं नाव ऑब्जेक्ट स्टोरेज. आजीला कधी समजावता आलं नाही. बस्ते बघताना वाटलं, अरे, हे तर तेच आहे!

जरा सविस्तर सांगतो. डेटा ठेवायच्या ढोबळ तीन तऱ्हा. पहिली ब्लॉक. डिस्क म्हणजे नंबर टाकलेले सारखे कप्पे, कुठल्याही कप्प्यात काहीही लिहा, खोडा, परत लिहा. आत काय आहे याच्याशी डिस्कला देणंघेणं नाही. १९५६ सालची आयबीएमची पहिली हार्ड डिस्क ५० तबकड्यांची होती आणि तिच्यात ५० लाख अक्षरं मावायची, पण कल्पना तीच. दुसरी फाइल सिस्टीम. फोल्डर, त्यात फोल्डर, त्यात फाइल. साठच्या दशकात मल्टिक्समध्ये हे झाड उगवलं, तिथून युनिक्समध्ये आलं आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. तिसरी तऱ्हा ऑब्जेक्ट. इथे झाड नाही. एक भलंमोठं सपाट मैदान. प्रत्येक वस्तूला तीन गोष्टी, आतला ऐवज, त्याच्याबद्दलची माहिती म्हणजे मेटाडेटा, आणि एक किल्ली, जिला आम्ही नुसतं 'की' म्हणतो. की द्या, वस्तू घ्या. मधलं एक पान काढून बदलता येत नाही, बदलायचं तर अख्खी वस्तू नवी करून ठेवायची.

बस्त्याची चिठ्ठी ही की. कापडाच्या आत काय आहे ते मांडणीला माहीत नसतं.

इथे पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पुणे स्टेशनच्या बाजूला, कौन्सिल हॉलजवळ ती दगडी इमारत आहे. मी तिच्यासमोरून पाच वर्षं बसने गेलो, आत एकदाच गेलो. तिथे सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे, तर चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. १८१८ साली पेशवाई बुडाली, एल्फिन्स्टनने कारभार घेतला आणि त्याबरोबर हे कागदही कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. इंग्रजांना इतिहासाची आवड होती म्हणून ते जपले गेले असं नाही, इनामं खरी कुणाची आणि खोटी कुणाची हे ठरवायला ते लागत होते. (विहिरीचा हिस्सा म्हणा ना. कागद जपला जातो तो भांडणासाठी. हे आपलं माझं मत.)

पण मला त्या दफ्तरात सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रोजकीर्द आणि घडणी. रोजकीर्द ही रोजची नोंदवही. आज जे झालं ते आज खाली लिहायचं, काल लिहिलेलं खोडायचं नाही. आणि मग त्याच नोंदी विषयवार, खात्यावार लावून वेगळ्या उतरवायच्या, ती घडणी. आजच्या भाषेत पहिली लॉग, दुसरी इंडेक्स. डेटा इंजिनिअरिंगवरची जाडजूड पुस्तकं वाचून मला जे कळलं, ते शनिवारवाड्याच्या फडातल्या कारकुनांना रोजच्या कामात येत होतं. 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं म्हणायचा माझा उद्देश नाही, त्या पंथातला मी नाही. एवढंच की फार कागद सांभाळायची वेळ आली की माणूस फिरून फिरून त्याच दोन-तीन युक्त्यांपाशी येतो.

आणि घडणी नसेल तर काय होतं तेही तिथेच दिसतं. दफ्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून चार-एक वर्षांत ४५ खंडांत छापून काढले. ४५ खंड! तरीही दफ्तराच्या मानाने ते ओंजळभर पाणी. बाकीचं तिथेच आहे, सुरक्षित, आणि मोडी येणाऱ्या मोजक्या लोकांखेरीज कुणाला न दिसणारं.

आमच्या बीडची कथा याहून वेगळी. आमचं दफ्तर पुण्याला नव्हतंच. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. १८६० च्या दशकात पहिल्या सालारजंगाने जिल्हे पाडले, महसुलाची घडी बसवली, कागद फारसी-उर्दूत, आणि वरचं सगळं हैदराबादला. त्याच्याही आधीचं म्हणाल तर औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये शाहजहान-औरंगजेबाच्या काळचे दख्खनच्या कारभाराचे कागद पडून होते, दीड लाखांच्या आसपास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेही हैदराबादला नेले, आजही तिथल्या पुराभिलेखागारात आहेत. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. माणसं इकडे आली, बरेच कागद तिकडेच राहिले. मायग्रेशन प्रोजेक्टमध्ये काम केलेल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको :)

असो. मुद्द्यावर येतो. ऑब्जेक्ट स्टोरेज आलं कुठून?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात गार्थ गिब्सन आणि मंडळींनी विचार मांडला की डिस्कने नुसते कप्पे न सांभाळता वस्तू सांभाळाव्यात. बाजारात गाजलेला पहिला अवतार म्हणजे ईएमसी कंपनीचं सेंटेरा, २००२. त्याची गंमत अशी की की आपण द्यायचीच नाही. ऐवजाचा गणिती ठसा काढायचा, तोच पत्ता. कागदात एक काना बदलला तरी पत्ता बदलणार. म्हणजे कागदात फेरफार केलाय का हे पत्त्यावरूनच कळतं. दवाखाने, बँका, कोर्टकचेऱ्या यांना हवं होतं ते हेच. फक्त ते स्वस्त नव्हतं.

मग १४ मार्च २००६. ॲमेझॉनने एस-थ्री आणलं. एका जीबीला महिन्याला १५ सेंट, डिस्क विकत घ्यायची नाही, रॅक नाही, एसी नाही. नेटवरून ठेवा, नेटवरून काढा. एक वस्तू जास्तीत जास्त ५ जीबीची, २०१० च्या डिसेंबरात ही मर्यादा ५ टीबी झाली. बकेट, की, ऑब्जेक्ट, बस्स. त्यांचा दावा अकरा नवांचा, ९९.९९९९९९९९९ टक्के. साध्या मराठीत, एक कोटी वस्तू ठेवल्यात तर दहा हजार वर्षांत सरासरी एखादी हरवेल. वाळवीला हे ऐकवायला हवं.

हे जमतं कसं? सोपी पद्धत म्हणजे तीन प्रती, तीन ठिकाणी. पण तिप्पट जागा खाते. शहाणी पद्धत इरेझर कोडिंग. समजा तुमच्याकडे ७, १२ आणि ६ हे तीन आकडे आहेत (७/१२ मुद्दाम घेतला). चौथ्या जागी त्यांची बेरीज २५ ठेवा. आता चारांतला कुठलाही एक आकडा उंदराने खाल्ला तरी उरलेल्या तिघांवरून तो काढता येतो. खऱ्या यंत्रणेत बेरजेच्या जागी १९६० सालचं रीड आणि सॉलोमन यांचं गणित असतं आणि एकाऐवजी दोन, तीन, चार तुकडे गेले तरी चालतात. जागा लागते दीडपट वगैरे.

आता तुलना. ऑफिसात नवीन आलेली पोरं नेहमी विचारतात, एस-थ्री, सेफ, स्विफ्ट, मिनिओ, यातलं काय चांगलं? याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. एस-थ्री घेतलंत तर यंत्रं दुसऱ्याची, झोप तुमची. पण ठेवण्यापेक्षा काढून नेणं महाग पडतं, हे बिल आल्यावर कळतं. सेफ हे सेज वाइलचं सांताक्रुझच्या विद्यापीठातलं पीएचडीचं काम, पेपर २००६ चा. म्हणजे योगायोग बघा, एस-थ्रीचंच साल. सेफची कमाल ही की कुठली वस्तू कुठे ठेवली याचं रजिस्टरच नाही. नावावरून गणित करायचं, गणित सांगतं अमुक डिस्कवर बघ. रजिस्टर नाही, त्यामुळे रजिस्टर हरवायची भीती नाही. एकाच यंत्रणेत ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट तिन्ही मिळतात. पण सेफ सांभाळायला माणूस लागतो, अर्धवट नव्हे, अख्खा. आमच्याकडे तो माणूस रजेवर गेला की सगळे देवाचं नाव घेतात. स्विफ्ट रॅकस्पेसने २०१० मध्ये ओपनस्टॅकसाठी मोकळं केलं, चांगलं होतं, आता नवीन कामाला कुणी घेताना दिसत नाही, त्यामुळे पुढे जाऊ. मिनिओ हे आनंद बाबू पेरियासामी आणि त्यांच्या साथीदारांचं. एक फाइल उतरवून घ्या, चालवा, पाच मिनिटांत एस-थ्रीसारखं काहीतरी तुमच्या लॅपटॉपवर. मी स्वतः त्याच्यावरच शिकलो. पण २०२१ मध्ये त्यांनी लायसन्स बदललं आणि २०२५ मध्ये फुकटच्या आवृत्तीतून ॲडमिनचा बराचसा भाग काढून घेतला. मला त्यांचा राग नाही, पोट सगळ्यांना आहे. पण पन्नास वर्षं टिकवायचा कागद कशात ठेवायचा, हे ठरवताना आज काय फुकट आहे यापेक्षा उद्या हा डोलारा सोडून बाहेर पडता येईल का, हे आधी बघावं. त्या बाबतीत सगळे एस-थ्रीचीच बोली बोलतात, ही मोठी सोय झालीये. मोडी सगळ्यांना येत असती तर जसं झालं असतं तसं.

आणि कुठे वापरू नये? जिथे सारखं आतलं बदलायचंय तिथे. चालू सातबारा डेटाबेसमध्येच हवा, तो पीकपाण्याबरोबर, वारसांबरोबर बदलत राहतो. फेरफाराची जुनी पानं, स्कॅन केलेली, ती मात्र ऑब्जेक्टमध्ये. एकदा ठेवली की बदलायची नाहीत. आणखी एक फसगत, एस-थ्रीत जे फोल्डर दिसतात ते फोल्डर नसतातच. लांबलचक नावातल्या तिरक्या रेघा आहेत त्या. 'फोल्डर'चं नाव बदललंत तर आतली प्रत्येक वस्तू नव्या नावाने कॉपी होते आणि जुनी पुसली जाते. लाखभर वस्तू असतील तर चहा पिऊन या. जेवून या.

आता एक कबुली. पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव राहू दे) मी एक नियम लावला होता, तीस दिवसांपेक्षा जुन्या तात्पुरत्या फायली आपोआप पुसा. की ज्या अक्षरांनी सुरू होते ती देताना एक शब्द कमी टाइप केला. सकाळपर्यंत यंत्रणेने सांगितल्याप्रमाणे इमानेइतबारे सगळं पुसलं. वर्जनिंग बंद होतं. अकरा नव होते की! अकराच्या अकरा. ते डिस्क जळण्यापासून वाचवतात, माझ्यापासून नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ला खुद्द ॲमेझॉनच्या एका इंजिनिअरने कमांडमध्ये चूक केली आणि अमेरिकेतलं एस-थ्री चार तास झोपलं, अर्धं इंटरनेट त्याबरोबर. हे वाचून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचा डेटा परत आला, माझा नाही. दोन वर्षांचे कुणाचे तरी रिपोर्ट होते त्यात.

तर बस्त्याकडे परत. आमच्या गावाचं खासरा पाहणीचं रजिस्टर स्कॅन झालं होतं. सर्चमध्ये 'चकलांबा' टाकलं, शून्य. 'चकलंबा' टाकलं, चार फायली, त्यातली हवी ती एकही नाही. तिथले रेकॉर्ड बघणारे काका म्हणाले, "साहेब, स्कॅन करणारी पोरं बाहेरची व्हती, जे वाचता आलं ते टाकलं." मग मूळ बस्ता काढला. रजिस्टरची शिवण गेलेली, सुटी पानं, वरचा कोपरा कसरीने खाल्लेला, आणि सर्व्हे नंबर नेमका त्या कोपऱ्यात. नावावरून शोधावं तर त्या कागदांत आडनाव नाही, अमुक वल्द तमुक एवढंच. आजोबांचं नाव आणि पणजोबांचं नाव अशी जोडी असलेले गावात तीन जण निघाले. युनिक की म्हणजे काय हे मी इंटरव्ह्यूत शंभरदा विचारलंय, पण एवढं कधी पटलं नव्हतं. शिवाय वडिलांना माहीत असलेला नंबर एकत्रीकरणानंतरचा, गट नंबर. रजिस्टर त्याच्या आधीचं, सर्व्हे नंबरवालं. दोन्ही जोडणारा उतारा मिळत नव्हता.

घरी फोन लावला. वडिलांनी आजीच्या हातात दिला.

"आजी, लिंबाच्या शेताचा जुना नंबर काय होता?"

"आरं मला काय ठाव? मी का तलाठी हाय?" मग जरा थांबून, "पर उगवतीच्या बांधाचा एकशे सत्तेचाळीस. त्यांची कोर्टात केस चालली व्हती बारा वर्सं, तुझा आजा साक्षीला जायचा. रोज त्योच नंबर घरात."

काकांनी पानं लावली. कोपरे गेलेले असले तरी क्रम बराचसा तसाच राहिला होता. १४७ च्या मालकाचं नाव केसमुळे माहीत, ते पान सापडलं, त्याच्या आगेमागे चार पानं बघितली. तिसऱ्यावर आजोबा होते. पट्टेदार दुसराच, आणि कसणारा या रकान्यात आजोबांचं नाव, शेवटची दोन अक्षरं पुसट. क्षेत्राचा आकडा कसरीने नेलेला. विहिरीच्या रकान्यात एक आकडा, स्पष्ट.

काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "हाय की."

नक्कल मिळायला पुढचा आठवडा गेला. वकिलांनी बघून "चालेल" म्हटलंय. जिंकेल असं म्हटलेलं नाही.

रविवारी रात्री निघायच्या आधी मी त्या नकलेचे फोटो काढून माझ्या बकेटमध्ये टाकले. वर्जनिंग चालू आहे, दोनदा तपासलं. की व्यवस्थित दिली, गाव, सर्व्हे नंबर, साल. मेटाडेटात 'लिंबाचं शेत' आणि 'उगवतीला १४७' हेही लिहिलं. मूळ बकेट मुंबईत, आणि त्याची दुसरी प्रत आपोआप दुसऱ्या शहरात जाते, ॲमेझॉनने ते केंद्र २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू केलं.

आजी बाजेवर बसून बघत होती. "आता कुठं गेला कागुद?"

"मुंबईला. आणि एक प्रत हैदराबादला."

"हैद्राबादला?" आजी म्हणाली. "परत तिकडंच?"